ओट्यावर आजोबा बसलेले असतील

माझ्या बहिणीच्या बिबड्यांच्या वेबसाइटवर सगळे होते. तिचे सासरे होते, चुलत सासरे होते, दीर होते, आणि डोळ्यांवर काळा चष्मा, कानाला फोन अशा थाटात एक पुतण्याही होता. नव्हती ती फक्त माझी बहीण. आणि बोट दुखेपर्यंत खाली सरकवलं नाही तर बिबडेही नव्हते. ही वेबसाइट मी स्वतःच्या हाताने बनवली होती. माझा धंदाच तो आहे.

ज्यांनी बिबडे खाल्ले नाहीत त्यांची मला कीव येते, पण सांगायला हवं. ज्वारी भिजवायची, दळायची, मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा, त्यात लसूण, मिरची, तीळ टाकायचे आणि गरमगरम असतानाच ओल्या धोतरावर हाताने पातळ थापायचा. हात भाजतो. पाण्यात बुडवायचा आणि पुन्हा थापायचा. कडक उन्हात वाळले की धोतराची मागची बाजू ओली करून सोलून काढायचे. मग ते तळा, भाजा, नाहीतर शेंगदाण्याबरोबर कच्चेच खा. खान्देशातून पुण्याला, नाशिकला, सुरतेला गेलेली माणसं सगळं विसरतात, पण उन्हाळा आला की बिबड्यांची आठवण काढून कासावीस होतात. कोणीतरी गावाकडून येणारा शोधतात आणि त्याच्या बॅगेत जागा मागतात.

आता माझ्या धंद्याविषयी. वेबसाइटच्या आधी मी जळगावला एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायचो. त्या कामात एक गोष्ट माझ्या चांगलीच लक्षात आली. लग्न कधी आणि कुठे आहे हे कळवायला पत्रिका कोणी छापत नाही. कोणी रुसू नये म्हणून छापतात. निमंत्रक, प्रेषक, कार्यवाहक, व्यवस्थापक, झाडून सगळ्या भाऊबंदांची नावं वयाच्या क्रमाने, आणि खाली चिमुकल्यांचं ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. मंगल कार्यालयाचा पत्ता मात्र अशा बारीक अक्षरात की आलेले पाहुणे निम्म्या गावाला विचारत फिरायचे. मला वाटलं, वेबसाइटच्या धंद्यात गेलो की यातून सुटका होईल. मी भलताच भोळा होतो.

धुळ्याच्या एका फर्निचरवाल्याने पहिल्या पानावर सोफ्याऐवजी स्वतःच्या नव्या गाडीचा फोटो लावून घेतला. सोनगीरच्या एका भांडी घडवणाऱ्याने इतका सुंदर तांब्याचा हंडा केला होता की मी बघतच राहिलो, पण त्याने फोटो दिला तो स्वतःच्या सत्काराचा. साक्रीच्या बियाणेवाल्याला मी विचारलं, दुकान उघडायची वेळ काय लिहू? तो म्हणाला, “ते कशाला? सगळ्यांना माहीत आहे.” ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठीच वेबसाइट असते, हे त्याला समजावता समजावता माझा चहा गार झाला. शेवटी वेळ लिहिली नाही ती नाहीच.

वेबसाइट उघडणाऱ्या माणसाला हार नको असतो, नारळ नको असतो. तुमच्याकडे काय आहे, केवढ्याला आहे आणि ते मला कसं मिळेल, एवढंच त्याला हवं असतं. ते लगेच सांगणं हेच त्याचं स्वागत. आमच्याकडे स्वागताची रीत वेगळी. आलेल्याला दारात ताटकळत उभं करायचं आणि यजमानांनी एकमेकांचा सत्कार करून घ्यायचा. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं की म्हणायचं, ऑनलाइनमध्ये काही दम नाही.

माझी बहीण, म्हणजे आमची अक्का, धरणगावला दिली आहे. दाजी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत आणि घरात कमी बोलतात, म्हणजे जवळजवळ बोलतच नाहीत. अक्का बरीच वर्षं गल्लीतल्या बायांना हाताशी घेऊन गच्चीवर बिबडे करून विकायची. माल ठेवायला जागा नव्हती. डबे पलंगाखाली, कपाटावर, धान्याच्या कोठीमागे. घरात लसणाचा वास येतो म्हणून सगळे नाक मुरडायचे आणि रात्री जेवताना त्याच डब्यांत हात घालायचे. मग एके वर्षी तिने हिंमत केली आणि सासऱ्यांकडे, आबांकडे, पुढची खोली मागितली. ती खोली रस्त्यावर उघडते. तिच्यात मोडका कूलर आणि जुनी पोती पडून होती. आबा म्हणाले, बरं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वापर. धंदा चालला तर खोली तुझी. नाही चालला तर मोबाईलवाला केव्हाचा मागे लागलाय, त्याला देऊन टाकू.

अक्काने ती खोली धुतली, चुना मारला, दोन मांडण्या लावल्या, काटा ठेवला. मला फोन करून सांगितलं, “रस्त्यावर उघडणारं एक दार माझ्या हातात आलंय रे.” लग्नानंतर ती मागच्या दाराने पाणी भरायला आणि पुढच्या दाराने लग्नकार्याला, एवढीच बाहेर पडायची. ती खोली गेली असती तर सगळं पुन्हा पलंगाखाली गेलं असतं. म्हणून तिने मला वेबसाइट मागितली. “लोकांना बिबडे हवेत, पण त्यांना मी सापडत नाही,” असं ती म्हणाली. धंद्यातल्या माझ्या सगळ्या वर्षांत गिऱ्हाइकाची अडचण इतक्या नेमक्या शब्दांत मला कोणी सांगितली नव्हती.

मी जीव लावून पान तयार केलं. वर एकच फोटो, पांढऱ्या धोतरावर ओला बिबडा आणि तो थापणारा अक्काचा हात. खाली भाव, खाली पार्सल कुठे कुठे जाईल ते, आणि मोठ्या अक्षरात तिचा फोन नंबर. लॅपटॉप घेऊन एका रविवारी धरणगावला गेलो.

आता हे लक्षात घ्या की मी पोरीकडचा माणूस. पोरीकडच्या माणसाने सासरच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा, मान डोलवायची आणि वेळेत निघायचं असतं. मत द्यायचं नसतं. मी आबांपुढे लॅपटॉप ठेवला. शेजारी आबांचे धाकटे भाऊ, नाना. अक्का दाराआड पदर घेऊन उभी. आबांनी चष्मा लावून पान पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि विचारलं, “आनि आपुन कोठे शेतस?”

यात आपण कुठे आहोत, हा प्रश्नच मला आधी कळला नाही. नानांनी खुलासा केला. “पहिला आबासना फोटू जोयजे. मंग बाकी बठ्ठासना.”

तिथून जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत संपलं नाही. आबांचे वडील, हार घातलेले, ‘प्रेरणास्थान’ म्हणून. आबा ‘संस्थापक’. ज्या माणसाने आयुष्यात चुलीजवळ जाऊन भाकरी उलटली नाही तो बिबड्यांचा संस्थापक! नाना ‘मार्गदर्शक’. दीर ‘व्यवस्थापक’. दाजींना ‘संचालक’ केलं, ते तेव्हा जिनिंगमध्ये होते, त्यांना कळलंही नसेल. पुतण्या ‘युवा नेतृत्व’. कशाचं नेतृत्व, हे मी विचारलं नाही. घरातल्या पोरांनाही सोडलं नाही. त्यांचा एक रांगेत फोटो आणि खाली ‘आमच्या घरचे बिबडे खायला यायचं हं’. सुरुवातीला सनई वाजली पाहिजे, असंही ठरलं.

मी धीर करून म्हटलं, “अक्काचा फोटो?”

आबा दचकले. ते काही दुष्ट नाहीत, खरोखर दचकले. “घरनी बाईना फोटू? बठ्ठं जग देखी!”

“मग निदान नंबर तरी तिचा.”

“वाटेल तो फोन करी!”

वाटेल त्याने फोन करावा यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी ते चहाबरोबर गिळलं. नंबर आबांचा टाकला. दाराआडून अक्काने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

वेबसाइट सुरू झाली आणि नाना रुसले. कॉम्प्युटरवर आबा आणि नाना शेजारीशेजारी होते, पण मोबाईलवर पान अरुंद होतं आणि शेजारचे फोटो एकाखाली एक येतात. त्यात नाना पुतण्याच्याही खाली गेले. त्यांनी आबांच्या घरचं पाणी सोडलं. मोबाईलचा पडदा लहान असतो, यात कोणाचा अपमान नाही, हे मी त्यांना समजावायला गेलो. ते म्हणाले, पडदा लहान असला तरी माणूस लहान कसा झाला? शेवटी सगळे फोटो गोल फिरते ठेवले, म्हणजे कोणी पहिला नाही आणि कोणी शेवटचा नाही. त्या फिरत्या फोटोंनी आणि सनईने पान इतकं जड झालं की खेड्यातल्या नेटवर ते उघडेपर्यंत ज्वारी भिजून निघाली असती. आबा खूश झाले. त्यांनी त्या पानाचा फ्लेक्स छापून अक्काच्या खोलीच्या दारावर लावला. खोलीत कुठला माल मिळतो हे त्या फ्लेक्समुळे कोणालाच कळेना.

आणि तरीही लोक आले, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. कोण वेबसाइट उघडतं आणि कोण फोनच्या बटणावर बोट ठेवतं, हे मला माझ्याकडे दिसतं. लोक उघडत होते. सनई सहन करत होते, आबांना, नानांना, युवा नेतृत्वाला ओलांडून खाली जात होते आणि फोन लावत होते. बिबड्यांसाठी माणूस काय काय सोसतो! मी आनंदाने अक्काला फोन केला. “ऑर्डरी आल्या ना?”

“एक पण नाही,” ती म्हणाली. “पण माल संपत चाललाय. आबा रोज पार्सल बांधायला सांगतात.”

“कोणासाठी?”

“पाहुण्यांसाठी.”

तिच्या आवाजात काहीतरी होतं. दुसऱ्याच दिवशी मी धरणगावला गेलो आणि आबांच्या शेजारी ओट्यावर बसलो. फार वाट पाहावी लागली नाही. फोन वाजला. आबांनी घसा साफ केला आणि तो कानाला न लावता समोर धरून मोठ्याने बोलायला लागले, त्यामुळे पलीकडचंही सगळं ऐकू येत होतं. नाशिकहून एक बाई बोलत होत्या. त्यांना बिबडे हवे होते आणि भाव विचारायचा होता.

“तुम्ही कोनाकडला शेतस?” आबांनी विचारलं.

बाई गोंधळल्या. म्हणाल्या, वेबसाइटवर पाहिलं म्हणून फोन केला. आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. गाव कोनतं? मायेर कोनतं? सासू कोठली? बाई बिचाऱ्या उत्तरं देत गेल्या. सासू एरंडोलची निघाली. एरंडोलला आबांच्या आत्याची नणंद दिली होती. तिचं घर कोणत्या गल्लीत, दारात निंबाचं झाड होतं का, हे विचारून झालं, आणि आबांचा चेहरा उजळला. “आरे, मंग तुम्ही आपलाच शेतस! पत्ता सांगा, धाडी देस.”

“पैसे कसे पाठवू?” बाईंनी विचारलं.

“पाव्हनासना पैसा लेवाना का? लोक काय म्हनतीन!”

बाई नको नको म्हणत होत्या. आबांनी फोन ठेवला आणि आत आवाज दिला की पार्सल बांधा. मग माझ्याकडे वळून आणखी एक पाहुणा सापडल्याच्या तृप्तीने म्हणाले, “आज आखो एक पाव्हना सापडना.”

माझ्या बहिणीचे भाजलेले हात आबा टेलिफोनवरून वाटत होते. खान्देशात कोणालाही चार प्रश्न विचारा, तो तुमचा पाहुणा निघतोच. इथलं एकही घर असं नाही की ज्याची एखादी आत्या, मावशी, साडू दुसऱ्या घरात जाऊन बसलेले नाहीत. एवढंच नव्हे, जे पाहुणे निघत नव्हते त्यांच्यात आबांना रसच नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत भुसावळहून एका किराणा दुकानदाराचा फोन आला. मुस्लिम कुटुंब, जुनी पेढी, दुकानात ठेवायला दर महिन्याला माल हवा होता. धंद्याच्या भाषेत याला लक्ष्मी म्हणतात. आबांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, दोन-तीन धागे ओढून पाहिले, कुठलाच लागेना, तर म्हणाले, बघू, मग फोन करतो. केला नाही. निघाला पाहुणा तर फुकट, नाही निघाला तर फोन कट, असा त्या वेबसाइटचा कारभार होता.

मी बोललो. पोरीकडचा असून बोललो. म्हटलं, “आबा, हे गिऱ्हाईक आहेत. अक्का यावर दुकान उभं करतेय.” आबा शांतपणे म्हणाले, आमच्या घरात पाहुण्याला विकायची पद्धत नाही. माझा इतका संताप झाला की कप बशीत ठेवताना वाजला. आपल्या हाताने एक दाणा न दळता दानशूर व्हायची ही पद्धत मात्र जुनी आहे, हे मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, “येतो.” आबांच्या दृष्टीने वेबसाइट अतिशय यशस्वी झाली होती. इतकी हरवलेली नाती एका उन्हाळ्यात कोणी जुळवली असतील?

आखाजी आली. बिबडे संपले होते आणि गल्ला रिकामा होता. आबांनी विचार केला आणि सांगितलं की बिबड्यांत काही दम नाही. मोबाईलवाल्याने खोलीत काचेची कपाटं लावली. अक्काच्या मांडण्या गच्चीच्या जिन्याखाली गेल्या, काटा मागच्या पडवीत.

आखाजीला अक्का माहेरी जळगावला आली. दरवर्षी ती आली की आधी अंगणातल्या झोक्यावर बसते. या वेळी आली, आईच्या पाया पडली आणि झोक्याकडे न बघता माझ्या कामाच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसली. मला वाटलं रडेल. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला तोंड उघडलं.

“मला चीड आलीय,” ती म्हणाली. “रडू नाही आलेलं. चीड आलीय. मी उन्हात उभी राहते आणि मान त्यांचा वाढतो. आता मी सांगते तसं लिही.”

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. वर तोच हाताचा फोटो. त्याखाली, हे बिबडे कोण करतं, म्हणून तिचं स्वतःचं नाव. नवऱ्याचं, सासऱ्याचं काही पुढेमागे न लावता. ज्वारी कोणती, तिखट किती, लसूण नको असेल तर आधी सांगा. भाव. पैसे आधी, पार्सल नंतर. नंबर तिचा, आणि वर लिहिलं, दुपारी मी गच्चीवर असते, फोन उचलला नाही तर निरोप ठेवा, संध्याकाळी मी स्वतः फोन करते. सनई नाही. फिरणारं काही नाही. मी माझं ज्ञान पाजळायला गेलो की खाली तुमच्या कुटुंबाविषयी थोडं लिहू, लोकांना विश्वास वाटतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते वाक्य तिथेच सोडलं.

“घरी काय सांगशील?” मी विचारलं.

“तुझ्या दाजींना सांगितलंय. ते म्हणाले, कर.” दाजींच्या मानाने ते भाषणच होतं.

जुन्या वेबसाइटला आम्ही हात लावला नाही. ती काढली असती तर नाना पुन्हा रुसले असते. ती अजून तशीच आहे, आणि एखादा दूरचा नातेवाईक अधूनमधून तीत शिरतो, आबांशी तासभर बोलतो आणि बाहेर पडतो. बिबडे मात्र आता मिळत नाहीत. आबा आत आवाज देतात, अक्का म्हणते, या खेपेचा माल ऑर्डरींचा आहे. आबांना हे लागलं. पण ऑर्डर हा शब्द त्यांच्या नात्यागोत्यात कुठे बसत नव्हता. शिवाय पार्सलं रोज दारातून बाहेर जाताना ते बघत होते.

नवं पान लगेच उघडायचं, म्हणून लोकांना तेच आधी सापडायला लागलं. आबांच्या फोनमधून नंबर काढून भुसावळच्या दुकानदाराला अक्काने स्वतः फोन केला. त्यांनी नमुना मागवला, मग माल मागवला, मग दर महिन्याला मागवायला लागले. नाशिकच्या बाईंनी पुन्हा मागवले, या वेळी पैसे आधी पाठवून, आणि वर लिहिलं की आता मोकळेपणाने मागवता येतं. ते वाक्य अक्काने मला वाचून दाखवलं.

एकच त्रास उरला होता. लोक घरी यायचे, आणि घराच्या पुढे, मोबाईलच्या दुकानाशेजारी, ओट्यावर आबा. येणाऱ्या प्रत्येकाला ते खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि गाव विचारायचे. माणूस तासाभराने पाहुणा होऊन आत यायचा आणि मग पैसे काढताना त्याला आणि पैसे मागताना अक्काला चोरट्यासारखं व्हायचं. दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी अक्काने मला फोन करून पानावर चार ओळी घालायला सांगितल्या. मी त्या आहेत तशा घातल्या.

‘घरी यायचं असेल तर जरूर या. पुढच्या बाजूला मोबाईलचं दुकान आहे, तिथे विचारू नका. ओट्यावर आजोबा बसलेले असतील. ते विचारतील, तुम्ही कोणाकडचे? नम्रपणे नमस्कार करा आणि सांगा, आम्ही गिऱ्हाईक. मग डावीकडच्या गल्लीतून मागच्या दाराला या. दार उघडं असतं.’

मी आजवर पुष्कळ वेबसाइटी बनवल्या आणि प्रत्येकीवर ‘आपले सहर्ष स्वागत’ लिहून दिलं. त्या सगळ्यांपेक्षा हे स्वागत खरं होतं.

त्याच उन्हाळ्यात मी धरणगावला गेलो असताना भुसावळचे दुकानदार माल बघायला स्वतः आले. पांढरी टोपी, दाढीला मेंदी, हातात फळांची पिशवी. आबांनी खुर्ची सरकवली. “कोठला शेतस?” त्यांनी भुसावळ सांगितलं. आबांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. “भुसावळले मना साडू शे. रेल्वेमा व्हता. तुम्हले माहीत व्हई.” दुकानदारांचं तोंड उघडलं. साडू बहुतेक माहीत असावा. त्यांनी क्षणभर विचार केला, छातीवर हात ठेवला आणि अदबीने म्हणाले, “आबा, हम तो गिऱ्हाईक.” आणि गल्लीत वळले.

आबांनी सरकवलेली खुर्ची पुन्हा भिंतीला लावली. मग मला म्हणाले की आजकाल सगळे हेच म्हणतात. मी चहा प्यायलो.

पुढच्या आखाजीच्या आतच मोबाईलवाला गेला. गावात अशी दुकानं मोप झाली होती. खोली रिकामी झाली आणि आबांनी तिच्यात जुना फ्लेक्स आणून भिंतीला उभा केला. मी तिथे होतो तेव्हाच त्यांनी अक्काला बोलावलं. तिचं काम चालतंय हे आता गावाला दिसत होतं, आणि आबांनाही दिसत होतं. ते अडखळत खोली घेऊन टाक म्हणाले, त्यांना हे सोपं गेलं नसणार. “खोली खाली शे. लई ले. आते तुनीच.”

अक्काने पदर सावरला. ज्या दारासाठी तिने चुना मारला होता, ते समोर सताड उघडं होतं. दारापुढे ओटा होता, आणि ओट्यावर आबांची खुर्ची.

“ऱ्हाऊ द्या, आबा,” ती म्हणाली. “तठे तुम्ही बठतस.”

आणि ती गल्लीतून मागे गेली. घाटा शिजत होता.